दुसऱ्या दिवशीचा पेपर : पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग, एका अपिलाचा अभ्यास

३१ मार्च १९८४ च्या सकाळी लुधियाना जिल्ह्यातली दहावीतली एक मुलगी आरोग्यशास्त्राचा पेपर द्यायला परीक्षेच्या केंद्रावर गेली. आदल्या दिवशी, ३० मार्चला, तिचा भूगोलाचा पेपर झाला होता. या दोन पेपरांच्या मधल्या रात्री ती घरी नव्हती. मामाकडेही नव्हती. पुढे हा खटला बारा वर्षं चालला आणि त्यात वारंवार एकच प्रश्न आला: रात्री खरंच बलात्कार झाला असता तर मुलगी सकाळी पेपर लिहायला बसली असती का?

मला या प्रकरणाबद्दल लिहायचं आहे ते मुख्यतः या प्रश्नामुळे. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा हा निकाल वकिलांना पाठ असतो. बलात्काराच्या खटल्यात पीडितेची एकटीची साक्ष पुरेशी आहे असं सांगताना आजही तो हमखास उद्धृत होतो. पण त्यातलं एक वाक्य उचलून कागदावर चिकटवणं वेगळं आणि दोन न्यायालयांनी तीच साक्ष वाचून दोन टोकांची उत्तरं कशी काढली हे सावकाश पाहणं वेगळं.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. सर्वोच्च न्यायालयानं निकालात मुलीचं नाव दिलेलं नाही, 'नाव आम्ही रोखून ठेवलं आहे' असं स्पष्ट म्हटलं आहे. पण त्याच निकालात तिच्या आईचं नाव आहे, वडिलांचं नाव आहे, मामाचं आहे, गावाचं आहे, शाळेचं आहे. तालुक्यातल्या कुणालाही ती कोण हे ओळखायला दोन मिनिटं लागली नसती. म्हणून मी इथे गावाचं किंवा शाळेचं नाव देत नाही. खटल्याच्या शीर्षकात जे नाव आहे तेवढंच राहील, कारण ते कायद्याच्या ग्रंथांत छापलेलं आहे. आरोपींना मी पहिला, दुसरा, तिसरा असंच म्हणेन.

फिर्यादी पक्षाची हकीकत अशी. मुलीचं वय सोळाच्या आत. मॅट्रिकची परीक्षा चालू होती आणि केंद्र शेजारच्या मोठ्या गावातल्या मुलांच्या शाळेत होतं. ३० मार्चला दुपारी साडेबाराच्या सुमारास भूगोलाचा पेपर देऊन ती मामाच्या घरी निघाली. शाळेपासून शंभर 'करम' गेली असेल नसेल. करम हे पंजाबात जमीन मोजायचं माप. शंभर करम म्हणजे हाकेच्या अंतरावर. मागून एक निळी मोटार आली. चालवणारा अनोळखी, विशीतला. आत तीन तरुण. त्यातल्या एकानं उतरून तिचा दंड धरून तिला आत ढकललं, दुसऱ्यानं तोंड दाबलं, तिसऱ्यानं ओरडलीस तर जिवे मारू म्हणून बजावलं. मोटार एका शेतातल्या ट्यूबवेलच्या कोठीपाशी गेली. ते शेत तिघांपैकी एकाचं. ड्रायव्हर मोटार घेऊन निघून गेला. कोठीत तिला सरबत म्हणून दारू पाजली गेली आणि तिघांनी आळीपाळीनं, आणि रात्री पुन्हा, तिच्यावर अत्याचार केला. एक आत असताना इतर दोघं बाहेर राखणीला उभे. ती ओरडली, जबानीत शब्द आहे 'रौला'. पण पुन्हा मारण्याची धमकी आली आणि ती गप्प झाली. सकाळी सहाच्या सुमारास तीच मोटार आली आणि जिथून उचललं होतं साधारण तिथेच तिला सोडून दिलं गेलं. शाळेपाशी. त्या दिवशी पेपर होता. ती पेपरला बसली.

दुपारी घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. वडील कामावरून संध्याकाळी उशिरा परतले, त्यांना आईनं सांगितलं. वडील पोलिसांकडे गेले नाहीत. ते सरपंचाकडे गेले. पंचायत बसली. परीक्षेचं केंद्र होतं त्या गावच्या सरपंचालाही कळवलं गेलं, आणि १ एप्रिलला दोन्ही सरपंचांनी तडजोडीचा प्रयत्न केला. तडजोड म्हणजे नेमकं काय देऊ केलं होतं हे निकालात उलगडून सांगितलेलं नाही, पण खेड्यात वाढलेल्या कुणालाही ते उलगडून सांगायची गरज पडू नये. मुलीला काही मिळालं नाही. मग २ एप्रिलला वडील तिला घेऊन ठाण्याकडे निघाले. वाटेत एस.टी. स्टँडसारख्या जागी, तिकडे त्याला बसअड्डा म्हणतात, पोलिसांची गाठ पडली आणि तिथेच तिची जबानी घेतली गेली. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या महिला डॉक्टरनं तिला तपासलं. अंगावर जखमेच्या खुणा सापडल्या, आणि पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात डॉक्टरनं घेतलेल्या नमुन्यांवर वीर्य आढळलं. काही दिवसांत तिघांना अटक झाली. निळी मोटार आणि तिचा ड्रायव्हर मात्र पोलिसांना कधीच सापडले नाहीत.

खटला साध्या सत्र न्यायालयात चालला नाही. १९८४ साल पंजाबात काय होतं ते आठवा. जूनमध्ये सुवर्णमंदिरात लष्कर घुसलं, त्यानंतर दहशतवादग्रस्त भागांसाठी विशेष न्यायालयांचा कायदा आला, आणि या मुलीचं प्रकरण लुधियानाच्या विशेष न्यायालयात गेलं. या तांत्रिक वाटणाऱ्या गोष्टीचा परिणाम मोठा झाला: त्या कायद्याच्या १४ व्या कलमाखाली अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जात असे. मधलं उच्च न्यायालय गळलं. म्हणजे या मुलीची साक्ष एकाच माणसानं प्रत्यक्ष ऐकली आणि त्यानंतर ती फक्त कागदावर वाचली गेली.

१ जून १९८५ ला विशेष न्यायालयानं तिघांनाही निर्दोष सोडलं.

कारणं मन लावून वाचण्यासारखी आहेत, कारण त्यातलं एकही वेडगळ वाटत नाही. प्रत्येक कारण सुटं घेतलं तर चारचौघांत सहज पटेल असं आहे.

पहिलं, मोटार. मुलीला फियाट, ॲम्बॅसडर आणि 'मास्टर' यांतला फरक सांगता येईना. ज्या मोटारीतून पळवून नेलं तिचा प्रकारच जिला ओळखता येत नाही, तिची हकीकत खरी कशी मानायची, असा न्यायाधीशांचा सूर. दुसरं, आरडाओरड. मोटार रहदारीच्या जागेवरून गेली असताना ती ओरडली का नाही? तिसरं, पेपर. सकाळी शाळेत तिला शिक्षिका भेटल्या असतील, मैत्रिणी भेटल्या असतील. कुणालाच काही न सांगता तिनं पेपर लिहिला आणि घरी जाऊन आईला सांगितलं. चौथं, उशीर. घटना ३० मार्चची, फिर्याद २ एप्रिलची. पाचवं, वैर. आरोपींनी सांगितलं की आम्हाला गोवलं आहे. त्यातल्या एकाचं म्हणणं असं होतं की त्यानं गावच्या गुरुद्वारात कॅनडातल्या मुलीशी लग्न लावलं, ते सरपंचाला रुचलं नाही, म्हणून सरपंचानं हे घडवून आणलं.

आणि मग शेवटची पायरी. एवढी कारणं देऊन न्यायाधीश थांबले असते तर ते संशयाचा फायदा देणं झालं असतं. पण ती रात्र मुलगी कुठे होती याचंही उत्तर त्यांना हवं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच तयार केलं: मामाकडे राहिले असं सांगून आईवडिलांना फसवायचं आणि रात्र कुणाच्या तरी सोबतीत काढायची, असा तिचा बेत असावा. ती सैल वर्तनाची मुलगी आहे. या तर्काला पुरावा कुठला? एकही नाही. एका साक्षीदारानंही तसं सांगितलं नव्हतं.

वयाचं काय? हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत सोळा वर्षांखालच्या मुलीची संमती असली काय, नसली काय, गुन्हा बलात्काराचाच होता. पळवून नेण्याच्या ३६३ व्या कलमासाठी तर मुलीचं वय अठराच्या आत असलं की पुरे. तेव्हा ती कुणाच्या 'सोबतीत' गेली होती असं क्षणभर मानलं तरी आरोपी सुटत नव्हते. विशेष न्यायालयानं वयावर निष्कर्षच दिला नाही. ती सोळाच्या आत आहे असं धरलं तरी फरक पडत नाही, कारण ती विश्वासार्ह साक्षीदार नाही, एवढं म्हणून विषय मिटवला. कायद्यानं जो प्रश्न पहिला विचारायला सांगितला होता तो शेवटी ढकलला आणि जो विचारायचाच नव्हता, तिच्या चारित्र्याचा, त्याचं उत्तर लिहून टाकलं.

राज्य सरकारनं अपील केलं. तेव्हा निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करायचा हक्क प्रत्यक्षात सरकारलाच होता; मुलीला किंवा तिच्या वडिलांना तो नव्हता. पीडितेला अपिलाचा स्वतंत्र हक्क मिळाला तो २००९ च्या दुरुस्तीनं, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३७२ व्या कलमाला परंतुक जोडल्यावर. १९८५ साली सरकारी वकिलांच्या कार्यालयातल्या कुणी फाईल बाजूला ठेवली असती तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं आणि आज आपल्याला ते माहीतही नसतं.

अपील साडेदहा वर्षं पडून राहिलं. १६ जानेवारी १९९६ ला न्यायमूर्ती आनंद आणि न्यायमूर्ती सगीर अहमद यांच्या पीठानं निकाल दिला.

सुटकेविरुद्धचं अपील हे शिक्षेविरुद्धच्या अपिलासारखं नसतं, हे इथे समजून घ्यायला हवं. शिक्षा झालेला माणूस अपिलात येतो तेव्हा न्यायालय पुरावा नव्यानं तोलतं आणि शंका उरली तर त्याला सोडतं. सुटलेल्या माणसाविरुद्ध सरकार येतं तेव्हा त्या माणसाच्या पाठीशी दोन गोष्टी असतात: मुळातलं निर्दोषत्वाचं गृहीतक, आणि एका न्यायालयानं ऐकून-पाहून त्यावर मारलेली मोहोर. पुराव्यातून दोन अर्थ सारख्याच जोरानं निघत असतील तर सुटकेला हात लावायचा नाही, हा संकेत जुना आहे आणि योग्य आहे. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला 'आम्हाला वेगळं वाटतं' एवढं म्हणून चालणार नव्हतं. खालच्या न्यायालयाची विचार करण्याची पद्धतच चुकली, असं दाखवावं लागणार होतं. त्यांनी ते दाखवलं, आणि कारणांची यादी एकेक करून उलटी वाचली.

मोटारीबद्दल त्यांनी विचारलं की खेड्यातल्या, सोळाच्या आतल्या मुलीला मोटारींचे प्रकार ओळखता यावेत ही अपेक्षाच कुठून आली? पोलिसांना मोटार आणि ड्रायव्हर सापडले नाहीत, तर तो पोलिसांच्या तपासाचा दोष. तपास यंत्रणा मुलीच्या हातात नव्हती. हे वाक्य मला या निकालातलं सगळ्यात उपयोगी वाक्य वाटतं. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेतून तपासाचा नाकर्तेपणा वजा करायची सवय आपल्या न्यायालयांना जुनी आहे: पंचनामा ढिसाळ, नमुने उशिरा पाठवले, ओळखपरेड घेतली नाही, आणि या सगळ्याची किंमत जिच्यावर अत्याचार झाला तिनं मोजायची.

आरडाओरडीबद्दल: तीन पुरुष, तोंडावर हात, जिवे मारायची धमकी. ती गप्प राहिली यात न समजण्यासारखं काय आहे?

उशिराबद्दल: अशा प्रकरणात घरातली माणसं आधी आपापसांत बोलतात, अब्रूचा विचार करतात, थंड डोक्यानं ठरवतात आणि मग ठाण्याची पायरी चढतात. इथे तर मधल्या दिवसांचा हिशेबच समोर होता. पंचायत बसली होती, दोन गावांचे सरपंच मध्ये होते. वडिलांनी दडवून काही रचलं असं म्हणायला जागाच नव्हती. उलट अख्ख्या गावाला कळेल अशा पद्धतीनं ते न्याय मागत फिरले. वैराच्या मुद्द्यावरही पीठाचं म्हणणं सरळ होतं: सरपंचाचं कुणाशी वाकडं असेल, पण त्यासाठी एखादा बाप आपल्या मुलीला असल्या आरोपाच्या आगीत कशाला लोटेल?

आणि पेपर. पीठानं म्हटलं, तिचं वागणं अगदी स्वाभाविक आहे. आपल्या समाजात अशी गोष्ट मुलगी शिक्षिकेला किंवा मैत्रिणीला सांगत नाही. ती आईला सांगते, पहिली संधी मिळताच सांगते, आणि तिनं तेच केलं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. न्यायालयाचं उत्तर बरोबर आहे, पण मला वाटतं त्याला अजून एक बाजू आहे. वर्षभर ज्या परीक्षेची तयारी केली ती परीक्षा, हॉलतिकीट, ठरलेली वेळ, ठरलेला बाक. रात्रभरात ज्या मुलीच्या हातून सगळं हिसकावून घेतलं गेलं, तिला सकाळी जी एक गोष्ट करता येणार होती ती तिनं केली. तिला मोटारीतून सोडलं तेच शाळेच्या दारात. गावी जायचं तर वाटेत चारचौघांनी विचारलं असतं, पेपर सोडून कुठे निघालीस? खालच्या न्यायाधीशांना पेपर लिहिणारी मुलगी दिसली आणि तिच्यात त्यांना बेफिकिरी दिसली. मला त्याच दृश्यात एक घाबरलेली, शहाणी मुलगी दिसते, जी आई भेटेपर्यंत स्वतःला सावरून धरते आहे. दोन्ही वाचनांना आधार एकच कागद. म्हणून तर 'अशा वेळी मुलगी अमुक करतेच' या ठोकताळ्यावर निकाल उभा करू नये.

पुरावा म्हणून तिच्या साक्षीची जागा कोणती, यावर निकालाचा गाभा आहे. पूर्वी बलात्कारपीडितेच्या साक्षीला दुजोरा लागतोच असा व्यवहार पडला होता, जणू ती गुन्ह्यातली साथीदार आहे आणि माफीचा साक्षीदार बनून उभी आहे. हा विचार मोडीत काढायला सुरुवात आधीच झाली होती, आणि त्यातला एक महत्त्वाचा दुवा नागपूरचा आहे. नागपुरातल्या एका पोलीस उपनिरीक्षकाविरुद्धच्या खटल्यात उच्च न्यायालयानं दिलेली सुटका रद्द करताना १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की अशा स्त्रीला साथीदाराच्या रांगेत बसवता येणार नाही; ती गुन्ह्याचा बळी आहे आणि जखमी साक्षीदाराला जेवढं वजन तेवढं तिला द्यायला हवं. १९९६ च्या पीठानं तोच धागा घट्ट केला. साक्ष मनाला पटत असेल आणि तिच्यावर अविश्वास ठेवायला सबळ कारण नसेल तर दुजोऱ्याची अट घालणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. किरकोळ विसंगतींत न अडकता प्रकरणाची एकूण शक्याशक्यता पाहायची. इथे तर दुजोराही होता: वैद्यकीय तपासणी, प्रयोगशाळेचा अहवाल, आईची साक्ष.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे दुसरं एक प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. १९७२ सालचं, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातल्या बलात्काराचं, जे आपण त्या आदिवासी मुलीच्या नावानं ओळखतो. गंमत नव्हे, दुर्दैव असं की ती ठाण्यात आणली गेली तीही पळवून नेल्याच्या तक्रारीवरूनच. तक्रार तिच्या भावाची होती. नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरताना संमती वेगळी आणि भीतीनं गप्प राहणं वेगळं, असा भेद केला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. त्यावर चार कायदेशिक्षकांनी, त्यात वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे आपल्याकडचे, १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ चा दुरुस्ती कायदा आला. पीडितेचं नाव छापायला बंदी, बंद दाराआड सुनावणी, सामूहिक बलात्काराला किमान दहा वर्षं: हे सगळं त्या कायद्यातलं. तो २५ डिसेंबर १९८३ ला लागू झाला. लुधियानातली घटना त्यानंतर तीन महिन्यांची.

म्हणजे विशेष न्यायालयासमोर नवा कोरा कायदा होता. सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्यावर सविस्तर लिहिलं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२७ व्या कलमाप्रमाणे अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड व्हायला हवी, तोच नियम आणि उघडी सुनावणी हा अपवाद. शक्य तिथे महिला न्यायाधीशांकडे असे खटले द्यावेत. पीडितेचं नाव टाळावं. उलटतपासणीत वकील तिला तेच तेच तपशील पुन्हा पुन्हा सांगायला लावत असतील तर न्यायाधीशानं मूक प्रेक्षक होऊन बसू नये. आणि तिच्या चारित्र्यावर शेरे मारू नयेत. पीठानं खालच्या न्यायाधीशांच्या शेऱ्यांबद्दल कडक नापसंती नोंदवली आणि पुढे असंही म्हटलं की एखाद्या स्त्रीचे आधी कितीही जणांशी संबंध असले तरी तिला नाही म्हणायचा हक्क उरतोच. बचावाला तिच्या चारित्र्यावर बोट ठेवायची मुभा देणारं पुरावा कायद्याचं १५५(४) हे कलम वगळलं गेलं २००२ च्या दुरुस्तीनं, या निकालानंतर जवळपास सात वर्षांनी.

हे सारं मान्य करूनही या निकालातली एक गोष्ट मला खटकते. कुठलीही स्वाभिमानी स्त्री आपल्या अब्रूविरुद्ध असं अपमानास्पद विधान करायला न्यायालयात उगाच येणार नाही, असा युक्तिवाद यात आहे. मुलगी खरी का? तर आपल्याकडे असं सांगणं लाजेचं असतं आणि तरी तिनं सांगितलं म्हणून. हा आधार त्या दिवशी मुलीच्या बाजूनं पडला. पण जी स्त्री लाजत नाही, जी रडत नाही, जी शहरात एकटी राहते, तिच्या वेळी हाच आधार पायाखालून सरकतो. लुधियानाच्या न्यायाधीशांच्या डोक्यात एक नमुनेदार मुलगी होती आणि ही तिच्यासारखी वागली नाही. दिल्लीच्या पीठाच्या डोक्यातही एक नमुनेदार मुलगी होती, फक्त ती अधिक समजूतदारपणे रेखलेली होती आणि ही तिच्यात बसली.

दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानंच मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात बजावलं की पीडितेची साक्ष यांत्रिकपणे, डोळे झाकून स्वीकारायची नसते. खोटा आरोपही माणसाला उद्ध्वस्त करतो. आणि आपल्याच जालना जिल्ह्यातलं २००३ चं प्रकरण तर अंगावर काटा आणणारं आहे. शेतवस्तीवरच्या कुटुंबावर दरोडा, खून, आई आणि मुलीवर अत्याचार. सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानंच २००९ मध्ये फाशी कायम केली, त्यातल्या तिघांना तर जन्मठेपेवरून फाशीवर चढवलं. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. जिवंत राहिलेल्या बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि पोलिसांनी तो माग सोडून दिला होता. तिथेही बाईचं ऐकलं गेलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तिनं पहिल्यांदा जे सांगितलं ते दडपलं गेलं. तिच्यावर विश्वास ठेवणं आणि आरोपीला न्याय देणं या दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या विरोधात नव्हत्याच.

लुधियानाच्या अपिलात तिघांची सुटका रद्द झाली आणि पळवून नेणं, डांबून ठेवणं आणि बलात्कार यांच्या ३६३, ३६६, ३६८, ३७६ या कलमांखाली ते दोषी ठरले. आता शिक्षा. बलात्काराबद्दल प्रत्येकी पाच वर्षं सक्तमजुरी आणि पाच हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी एक वर्ष. पळवून नेल्याबद्दल तीन वर्षं सक्तमजुरी. दोन्ही शिक्षा एकत्रच भोगायच्या. ३६६ आणि ३६८ खाली वेगळी शिक्षा नाही.

सामूहिक बलात्काराला किमान दहा वर्षं हा नियम तेव्हा लागू झालेला होता. 'पुरेशी आणि विशेष कारणं' असतील तर न्यायालयाला त्याच्या खाली येता येत असे. ती पळवाट पुढे २०१३ च्या दुरुस्तीत बंद झाली आणि किमान शिक्षा वीस वर्षांवर गेली. १९९६ च्या पीठानं दिलेली कारणं अशी: घटनेच्या वेळी आरोपी एकवीस ते चोवीस वर्षांचे होते, १९८५ पासून ते मोकळे आहेत, मधल्या काळात त्यांनी दुसरा गुन्हा केल्याचं दिसत नाही. अपील न्यायालयात साडेदहा वर्षं पडून राहिलं आणि त्या विलंबाचा लाभ आरोपींच्या पदरात पडला. माझ्या मते हे चुकलं. फिर्यादीला तीन दिवसांचा उशीर झाला म्हणून खालच्या न्यायालयानं मुलीला खोटी ठरवलं होतं. न्यायालयाला स्वतःला जवळपास बारा वर्षं लागली आणि त्याची वजाबाकीही तिच्याच वाट्यातून झाली.

नुकसानभरपाईही नाही. आदल्याच वर्षी छापल्या गेलेल्या, दिल्लीतल्या घरकामगार स्त्रियांच्या प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा पीडितांसाठी भरपाईची योजना करायला सुचवलं होतं. इथे पीठानं त्याचा उल्लेख केला आणि म्हटलं, योजना अजून तयार झालेली दिसत नाही, दंड तर लावलाच आहे, तेव्हा वेगळी भरपाई नको. अशा भरपाई योजनेची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आली २००९ मध्ये. आपल्याकडे 'मनोधैर्य' योजना सुरू झाली २०१३ साली.

शिक्षा कमी करण्याच्या कारणांत एक कारण मी अजून सांगितलं नाही. पीठानं लिहिलं आहे की एव्हाना आरोपी आणि मुलगी, दोघांचीही लग्नं होऊन ते आपापल्या संसाराला लागले असतील. निकालातलं वाक्य 'असतील' असंच आहे. ती तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असणार. तिला कुणी विचारलं नव्हतं.